विकता न येणारे अन्न

हंस म्हटले की मराठी वाचकाला स्वयंपाकघर आठवत नाही. आठवते ते मानससरोवर, आठवतो तो नीरक्षीरविवेक. आणि जुन्या काव्याचा थोडाफार संस्कार ज्याच्यावर झाला आहे त्याला आठवतो रघुनाथ पंडितांच्या ‘नलदमयंतीस्वयंवराख्याना’तला, नळाच्या हाती सापडल्यावर आपल्या माघारी घरच्यांचे काय होईल या चिंतेने विलाप करणारा हंस. नळ त्याला सोडून देतो आणि सुटलेला हंस दूत होतो. तो ताटात पडला असता तर आख्यानच घडले नसते.

शब्दांची वंशावळ मात्र थोडे वेगळे सांगते. संस्कृतातील ‘हंस’, लॅटिनमधील ‘आन्सेर’, जर्मनमधील ‘गान्स’ आणि इंग्रजीतील ‘गूस’ हे सारे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. संस्कृत काव्यातला हंस पुष्कळ ठिकाणी म्हणजे हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब असावा, असे पक्षितज्ज्ञ मानतात. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ दर हिवाळ्यात जे राखी पाहुणे उतरतात ते हेच. म्हणजे ज्या पक्ष्याला आपण काव्यात दूत केले, त्याच्याच गोत्रातल्या पक्ष्याला उत्तरेकडच्या लोकांनी मिठात मुरवले, धुरात टांगले आणि हिवाळाभर पुरवून खाल्ले. त्या धुराचा आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या एका विलक्षण कायद्याचा इतिहास या लेखात थोडक्यात मांडायचा आहे. येथे ‘रानहंस’ हा शब्द ‘गूस’च्या आणि ‘रानबदक’ हा ‘डक’च्या रानटी जातींसाठी वापरला आहे.

धुराची सर्वांत प्रसिद्ध परंपरा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोमेरेनियातली. हा प्रांत आज जर्मनी आणि पोलंड यांच्यात विभागलेला आहे. तेथे ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास शेतावर चरून तयार झालेले पाळीव हंस कापले जात. छातीचे मांस हाडापासून अखंड सोडवायचे, त्याला मीठ चोळून काही दिवस मुरू द्यायचे, मग दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून शिवायचे आणि थंड धुरात टांगायचे. थंड धूर म्हणजे विस्तवापासून दूर आणलेला, मांस न शिजवणारा धूर. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, वारा पृष्ठभाग सुकवतो आणि लाकडाच्या धुरातली द्रव्ये त्या पृष्ठभागावर बसून जंतूंना आणि चरबीच्या खवटपणाला अटकाव करतात. जर्मनमध्ये याला ‘श्पिकगान्स’ म्हणतात. पोलंडमध्येही हंसाच्या छातीच्या मांसाला अशी धुरी देण्याची स्वतःची परंपरा आहे. ज्या घरांत डुक्कर वर्ज्य होते अशा पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत तर हंसाची चरबी आणि धुरावलेले हंसाचे मांस यांवर हिवाळ्याचा स्वयंपाक उभा असे.

हे सगळे हंस पाळीव होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पाळीव हंस आणि रानहंस यांच्यात स्वयंपाक्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो अगदी शब्दशः तसा आहे. एक जमिनीवर राहतो, दुसरा आकाशात. कोंबडीच्या छातीचे मांस पांढरे असते, कारण ती फारशी उडत नाही. रानहंस ऋतुबदलाबरोबर हजारो किलोमीटर उडतो. त्याच्या छातीच्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो आणि तो साठवणारे मायोग्लोबिन या स्नायूंत भरपूर असते. म्हणून हे मांस गडद तांबडे दिसते. तंतूंच्या मधे चरबी जवळजवळ नसते. जी असते ती कातडीखाली. असे मांस जास्त वेळ आचेवर राहिले की कोरडे पडते आणि त्याला काळजासारखी उग्र चव येते. त्यामुळे याच्या स्वयंपाकाच्या दोनच वाटा शहाण्या ठरल्या. एक तर प्रखर आचेवर अगदी थोडा वेळ भाजायचे आणि आतून लालसर असतानाच वाढायचे, नाही तर मीठ-साखरेच्या पाण्यात मुरवून, पृष्ठभाग कोरडा करून, मंद धुरीत सावकाश तयार करायचे. मिठाच्या पाण्याचे काम येथे नुसते चवीचे नाही. मिठामुळे स्नायूंतली प्रथिने सैल होऊन पाणी धरून ठेवतात आणि धुराच्या उष्णतेतही मांस ओलसर राहते.

या दोन वाटांमागे दोन वेगळ्या गरजा आहेत. स्थलांतर करणारा पक्षी वर्षातून दोनदा येतो आणि येतो तेव्हा अमाप येतो. जो त्याच्यावर जगतो त्याच्यापुढचा प्रश्न चवीचा नसतो, टिकवण्याचा असतो. कॅनडातल्या जेम्स उपसागराच्या काठी राहणाऱ्या क्री लोकांसाठी वसंतात परतणारे रानहंस म्हणजे दीर्घ हिवाळ्यानंतरचे पहिले मुबलक ताजे अन्न. तंबूतल्या विस्तवाशेजारी दोरीला हंस टांगायचा, दोरीला पीळ द्यायचा, आणि तो स्वतःभोवती फिरत भाजत असताना खाली ठेवलेल्या भांड्यात गळणारी चरबी जपून ठेवायची, ही त्यांची पद्धत. खाऊन उरलेल्यांना धुरी देऊन ठेवायचे, पिसे उशा-पांघरुणांसाठी काढायची. आजही तेथील शाळांना मे महिन्याच्या सुमारास याच शिकारीसाठी सुट्टी असते. टिकवण्यासाठी धूर हे साधन असले की शिकारीलाही आपोआप एक माप येते. जेवढे टांगायला दोरी, धुरायला लाकूड आणि सोलायला घरातले हात, तेवढेच पक्षी मारण्यात अर्थ असतो.

हे माप एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत मोडले, आणि ते मोडण्यात बंदुकीइतकाच वाटा बर्फाचा आणि रेल्वेचा होता.

मेरिलंड राज्यातला चेसापीक उपसागर हे त्या कथेचे मुख्य स्थळ. सस्क्वेहॅना नदी जेथे या उपसागराला मिळते तेथील उथळ पाण्यात व्हॅलिस्नेरिया नावाच्या पाणवनस्पतीची मैलोन्‌मैल कुरणे होती. लोक तिला ‘रानसेलरी’ म्हणत. तिच्या कंदांवर पोसणारे एक रानबदक हिवाळ्यात तेथे लाखोंनी उतरे. पाठीचा रंग न रंगवलेल्या तागाच्या कापडासारखा, म्हणून त्याचे नाव ‘कॅनव्हासबॅक’. पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन याने १८१४ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवले तेही त्या वनस्पतीवरूनच, आणि ठेवताना वनस्पतीच्या नावातले एक अक्षर गाळले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे ते गाळलेले अक्षर आजतागायत गाळलेलेच आहे. या नामकरणात एक स्वयंपाकशास्त्रीय सत्यही दडलेले होते. या बदकाची ख्याती त्याच्या जातीमुळे नव्हती, त्याच्या चाऱ्यामुळे होती. रानसेलरीवर पोसलेल्या बदकाच्या मांसाला मासे-शिंपल्यांवर जगणाऱ्या बदकांचा हिवस वास नसे.

१८३० च्या दशकात या काठाजवळून रेल्वे गेली. बर्फात ठेवलेली बदके बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथील बाजारांत ताजी पोहोचू लागली आणि मेरिलंडचे कासव व कॅनव्हासबॅक बदक ही जोडी श्रीमंती मेजवानीची खूण झाली. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको या नामांकित उपाहारगृहाचा मुख्य आचारी चार्ल्स रॅनहॉफर याच्या १८९४ सालच्या ‘द एपिक्युरियन’ या प्रचंड ग्रंथात या बदकाला मानाचे स्थान आहे. रीत साधी होती. बदक अतिशय तापलेल्या भट्टीत थोडाच वेळ ठेवायचे, छातीचे मांस कापताना लाल रस आला पाहिजे, आणि बाजूला मक्याचे तळलेले होमिनी किंवा लाल बेरींची जेली. युरोपात फिरताना मार्क ट्वेनला घरच्या ज्या पदार्थांची आठवण छळू लागली त्यांची लांबलचक यादी त्याने १८८० च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये दिली आहे, तीत बाल्टिमोरचे कॅनव्हासबॅक आहे. ईडिथ व्हॉर्टनने ‘द एज ऑफ इनोसन्स’मध्ये १८७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजाचे दोन गट पाडले, एक खाण्यापिण्यावर व पैशावर प्रेम करणारा आणि दुसरा पुस्तकांवर व प्रवासावर. पहिल्या गटाच्या घरची ओळख तिने दिली ती कॅनव्हासबॅक, कासव आणि जुनी मद्ये यांनीच. ही कादंबरी १९२० सालची. म्हणजे व्हॉर्टन हे लिहीत होती तेव्हा ते बदक विकणे हा गुन्हा ठरून दोन वर्षे झाली होती. आपल्या वाचकांपुढे ती एक संपलेले जग मांडत होती आणि त्या संपण्याची एक खूण त्या ताटातच होती.

ते ताट भरण्यासाठी काय चालले होते, ते ताटावर बसणाऱ्यांना दिसत नव्हते. पाण्यावर सपाट होडी, तिच्यावर हाताने उचलता न येणारी, लहान तोफच म्हणावी अशी बंदूक. रात्रीच्या अंधारात झोपलेल्या थव्यापर्यंत वल्हवत जायचे आणि एका बारात अर्धा किलोच्या आसपास छर्रे सोडायचे. एका बारात डझनांनी पक्षी पडत. दुसरी युक्ती शवपेटीसारख्या पेटीची. शिकारी तीत उताणा पडे, पेटी वजने लावून पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली असे आणि भोवती शेकडो लाकडी बदके तरंगत असत. खरी बदके त्यांच्यात येऊन उतरत. ती लाकडी बदके आता कलावस्तू झाली आहेत आणि हाव्र द ग्रास या गावी त्यांचे संग्रहालय आहे. ज्यांनी ती कोरली ते बहुतेक गरीब कोळी होते. उन्हाळ्यात मासे, हिवाळ्यात बदके, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. बाजारासाठी मारणारा शिकारी हा पुढे या इतिहासातला खलपुरुष ठरला; परंतु त्याच्या बदकाला भाव देणारे गिऱ्हाईक शहरात मेजावर बसलेले होते, हे विसरून चालणार नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. लॅब्राडॉर बदकाचा शेवटचा निश्चित नमुना १८७५ चा. त्यानंतर ती जात नष्टच झाली. ज्या प्रवासी कबुतरांचे थवे सूर्य झाकून टाकत असे लोक सांगत, त्यांतली शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. या काळातच कायदे एकामागून एक आले. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेले पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे गुन्हा ठरवले. १९१३ च्या कायद्याने वसंतातली शिकार थांबवण्याचा प्रयत्न केला, पण शिकारीचे नियम करणे हा राज्यांचा अधिकार आहे असे म्हणून खालच्या न्यायालयांनी तो अमान्य केला. त्यावर निघालेली वाट मोठी चतुर होती. १६ ऑगस्ट १९१६ रोजी अमेरिकेने कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार केला आणि त्या कराराची अंमलबजावणी म्हणून ३ जुलै १९१८ रोजी नवा कायदा झाला. मिसुरी राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९२० साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला, त्याचा आशय असा की जो पक्षी काल येथे आलेला नव्हता आणि आठवड्याभरात हजार मैलांवर असेल, त्याच्यावर एका राज्याने मालकी सांगण्यात काही अर्थ नाही.

या कायद्याने हंगामात शिकार करण्यास मुभा ठेवली, पण विक्री कायमची बंद केली. मारता येईल, खाता येईल, देता येईल; विकता येणार नाही. स्वयंपाकाच्या इतिहासात या एका अटीचे परिणाम फार दूरवर गेले, असे मला वाटते. आधुनिक अमेरिकेत पैसे टाकून मिळत नाही असे अन्न शोधू गेल्यास फारसे सापडणार नाही. त्या मोजक्या अन्नांत रानहंस आणि रानबदक आहेत. उपाहारगृहात बदक मिळते ते शेतावरचे. १८७३ साली चीनमधून आणलेल्या पेकिन बदकाच्या वंशातले किंवा तत्सम पाळीव जातीचे. रॅनहॉफरच्या वारसांच्या हातातून रानबदक एका फटक्यात गेले, आणि त्याच्याबरोबर तो ‘थोडाच वेळ, प्रखर आचेवर’चा हिशेबही व्यवसायातून निसटला.

मग ही विद्या राहिली कोठे? ती शिकाऱ्यांच्या घरांत गेली, आणि तेथे ती सुरुवातीस पोरकीच होती. मांस उग्र लागते म्हणून ते तासन्‌तास शिजवायचे, डब्यातले सूप ओतून चव झाकायची, किंवा डुकराच्या चरबीच्या पट्ट्यांत गुंडाळून त्या पट्ट्यांचीच चव खायची, असे प्रकार घरोघर रूढ झाले. ज्या मांसाला वेळ सोसत नाही त्याला वेळ देण्याची ही चूक पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यातून बाहेर पडण्यास मदत झाली ती दोन परक्या वाटांनी. फ्रान्समधल्या गास्कोनी प्रांतातल्या ऑश गावी आंद्रे दागँ या आचाऱ्याने १९५९ च्या सुमारास बदकाच्या छातीचे मांस गोमांसाच्या तुकड्यासारखे भाजून आतून लाल वाढण्यास सुरुवात केली. तोवर तेथे हा भाग बदकाच्या चरबीत मुरवून ठेवला जाई. ही चाल जगभर पसरली आणि ‘बदकाची छाती’ हा स्वतंत्र पदार्थ झाला. दुसरी वाट धुराची. रुमानियातील ज्यू लोक हंसाच्या छातीला मीठ-मसाला लावून धुरी देत आणि त्याला तुर्की मूळ असलेल्या शब्दाने ‘पास्त्रामा’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला आले तेव्हा हंस महाग आणि गोमांस स्वस्त होते. म्हणून पदार्थ गाईचा झाला आणि ‘पास्त्रामी’ या नावाने प्रसिद्ध पावला. आज अमेरिकेतला शिकारी रानहंसाच्या छातीला मीठ, साखर, धणे आणि मिरी लावून, पृष्ठभाग किंचित चिकट होईपर्यंत वाळवून, सफरचंदाच्या किंवा हिकरीच्या लाकडाची धुरी देतो आणि त्याला ‘गूस पास्त्रामी’ म्हणतो. त्याला वाटते आपण काही नवे केले. खरे तर पदार्थ शंभर वर्षांचा फेरा घालून आपल्या मूळ पक्ष्याकडे परत आलेला असतो.

कायदा मात्र त्या घरच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत सोबत येतो. वाटेत कोणी तपासले तर जात ओळखता यावी म्हणून पक्ष्याचे डोके किंवा पिसांसकट एक पंख घरी पोहोचेपर्यंत अंगाला ठेवावा लागतो. दुसऱ्याला भेट द्यायचा तर मारणाऱ्याच्या नावपत्त्याची आणि सहीची चिठ्ठी जोडावी लागते. १९३४ पासून शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती आणि त्याचे चित्र व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग याने काढले होते. त्या पैशांतून आजवर ६० लाख एकरांच्या आसपास पाणथळ जागा राखल्या गेल्या. १९३५ साली पाण्यात बुडवायच्या पेट्या आणि जिवंत बदकांचे आमिष यांवर बंदी आली. १९९१ पासून शिशाचे छर्रेही बंद झाले, कारण तळ्याच्या गाळातले शिसे पक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होई. २०२२ पासून पसरलेल्या पक्षिज्वरामुळे मांस पूर्ण शिजवण्याचा सल्ला पुन्हा जोराने दिला जातो. ७४ अंश सेल्सिअस हा सरकारी आकडा आणि लालसर ठेवण्याची जुनी रीत यांचे भांडण घरोघर चालू आहे.

येथवरची कथा एका शहाण्या कायद्याची कथा आहे, आणि सामान्यतः ती येथेच थांबवली जाते. पण करारात एक कलम होते. १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात शिकार बंद. हे दिवस दक्षिणेकडून पाहणाऱ्यांनी ठरवले होते. बाल्टिमोरमध्ये बसून पाहिले तर नियम न्याय्य दिसतो. विणीच्या काळात पक्ष्याला मारू नये. परंतु उत्तरेकडे पक्षी वसंतात येतात आणि थंडी सुरू होण्यापूर्वी निघून जातात. तेथे बंदीचे दिवस आणि पक्ष्यांचे दिवस जवळजवळ एकच. करार लिहिणाऱ्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. त्यांनी आदिवासींसाठी अपवाद ठेवला होता, आणि तो वाचण्यासारखा आहे. इंडियनांना अन्नासाठी स्कोटर ही समुद्री बदके केव्हाही मारता येतील. एस्किमोंना ऑक, पफिन आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी काही समुद्रपक्षी मारता येतील. रानहंसाचा त्यात उल्लेखही नाही. दुसऱ्याने काय खाऊन जगावे याची यादी त्याला न विचारता केली की ती अशी होते.

पुष्कळ वर्षे उत्तरेत या कलमाकडे काणाडोळा केला गेला. मे १९६१ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाच्या बॅरो गावी, ज्याचे नाव आता उट्कियाग्विक असे आहे, शासनाच्या माणसांनी आयडर बदके मारल्याबद्दल काही इनुपियाक शिकाऱ्यांना पकडले. त्यांत राज्याच्या विधिमंडळाचा एक सदस्य जॉन नुसुंगिन्या हाही होता. यावर गावाने काय करावे? १३८ माणसे प्रत्येकी एक आयडर बदक घेऊन अधिकाऱ्यापुढे हजर झाली आणि आम्हीही हाच गुन्हा केला आहे, आम्हालाही पकडा, असे लेखी देऊ लागली. मिठाच्या सत्याग्रहाची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही. एवढ्या लोकांवर खटला चालवणे शक्य नव्हते, आणि तो चालवला गेलाही नाही.

कॅनडात असेच एक प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे शेवट निराळा झाला. मे १९६२ मध्ये यलोनाइफजवळ मायकेल सिकिया या डेने माणसाने खाण्यासाठी एक मॅलार्ड बदक मारले. १९२१ च्या तहात त्याच्या लोकांना शिकार करून जगण्याचे आश्वासन मिळालेले होते. त्या प्रदेशाच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. वरच्या न्यायालयांनी तो निर्णय फिरवला, आणि १९६४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. एका बदकासाठी एक माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. या निकालात कोणी क्रूर नव्हते. कायदा स्पष्ट होता, इतकेच.

ही चूक दुरुस्त व्हायला आणखी तीन दशके लागली. १९९५ साली कराराच्या दुरुस्तीवर सह्या झाल्या, १९९९ मध्ये ती अमलात आली आणि २००३ पासून अलास्कात वसंतातल्या पोटापुरत्या शिकारीला रीतसर नियमांची चौकट मिळाली. त्याच १९९९ साली अमेरिकेत उलट दिशेचाही एक कायदा झाला. पांढरे हिमहंस शेतांतल्या उरल्यासुरल्या धान्यावर इतके वाढले होते की हडसन उपसागराच्या काठची टुंड्राची कुरणे त्यांनी मुळासकट उपटून ओसाड केली. त्यामुळे शिकाऱ्यांना त्यांची संख्यामर्यादा काढून जास्तीत जास्त हिमहंस मारा असे सांगण्यात आले. तरीही ते विकण्याची परवानगी मात्र देण्यात आली नाही. हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. पक्षी दुर्मीळ असो की अतोनात, बाजाराला त्याच्यापासून दूर ठेवायचे हे १९१८ चे सूत्र सुटले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्यांत बाजार नव्हता. होता तो सत्तेचा दिमाख. स्वतंत्र भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच बंद केली. अमेरिकेने बाजार बंद केला आणि शिकारी ठेवला; आपण शिकारी बंद केला. दोन्ही देशांत मुख्यतः मोठ्यांच्या मेजवानीने आणलेल्या संकटावर इलाज करताना, पोटासाठी जाळे लावणाऱ्या लहान माणसाचा विचार शेवटी झाला किंवा झालाच नाही, हे मात्र सारखे आहे.

चेसापीकच्या कॅनव्हासबॅकचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. जून १९७२ मध्ये ॲग्नेस या वादळाने सस्क्वेहॅनातून गाळाचा लोंढा आणला आणि आधीच खंगलेली पाण्याखालची कुरणे गाडून टाकली. कॅनव्हासबॅकने रानसेलरी सोडली आणि चिखलातले लहान शिंपले खायला सुरुवात केली. रॅनहॉफरने वाढलेले, ट्वेनने आठवलेले, व्हॉर्टनने लिहिलेले बदक कायद्याने वाचवले, पण त्याची चव कायद्याच्या हाती नव्हती. ती त्या पाण्यातल्या गवतात होती. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतली खते रोखण्याच्या प्रयत्नांनी २००० नंतर तेथील कुरणे बऱ्याच प्रमाणात पुन्हा उगवली, मधेच वादळांनी मागेही सरली. पक्षी वाचवणे म्हणजे बंदूक थांबवणे एवढेच १९१८ साली समजले होते. त्याचा चारा, त्याचे पाणी आणि त्याच्यावर जगणारी माणसे हेही त्यातच येते, हे समजायला उरलेले शतक लागले. अलास्कातला शिकारी आज वसंतात मारलेल्या हंसाला धुरी देतो तेव्हा त्या धुरामागे १३८ माणसांनी हातात बदक घेऊन दिलेला कबुलीजबाब आहे. त्या हंसाला बाजारात किंमत नाही. त्याची किंमत मोजली गेली ती दुसऱ्याच रीतीने.